माळवदावरून ऐकलेली कुस्ती

आमच्या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात पैलवानाचा फोटो दुकानात लावतात, वस्तादाच्या पाया पडतात आणि निवेदकाची नक्कल करतात. नक्कल हा मायेचाच प्रकार आहे. ज्याच्यावर जीव नाही, त्याचा आवाज काढत कोण बसेल? शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या पोराच्या हाती माईक आला की ते घसा खाकरतं आणि सुरू करतं, ‘कब्जा घेतलेला आहे... घुटना ठेवलेला आहे... मानेचा कस काढलेला आहे...’ पुढच्या रांगेतले शिक्षकसुद्धा हसायला लागतात. कुणाचा आवाज चाललाय हे कुणाला विचारावं लागत नाही. शंकरअण्णा पुजारींचा.

अण्णांचं गाव कोथळी. कागदोपत्री कोल्हापूर जिल्हा, शिरोळ तालुका. पण सांगलीच्या हरिपुराहून पाहिलं तर नुसतं नदीपलीकडचं. त्यामुळे सांगलीकर त्यांना आपलेच समजतात आणि कोल्हापूरकरांनी त्यावर हरकत घेतल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. (कुस्तीच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी हरकत न घेतल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.) स्वतः तालमीत घाम गाळलेला माणूस. पुढे लंगोट सुटला आणि हातात माईक आला. रेडिओवर क्रिकेटचं जसं धावतं समालोचन चालतं तसं कुस्तीचं करायचं, तेही बंद खोलीतून नव्हे, भर मैदानात, चहूबाजूंनी माणूस बसलेलं असताना, ही रीत आमच्याकडे रुजवली ती अण्णांनीच असं सगळे मानतात. त्यांच्या आधी कर्ण्यावरून जोडीची नावं पुकारली जायची, इनामाचा आकडा सांगितला जायचा, आणि मग कुस्ती सुटेपर्यंत एकच वाक्य: ‘बसून घ्या, मागच्यांना दिसत नाही.’

मागच्यांना दिसायचं नाहीच. कुंडलचं मैदान टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत आहे, म्हणून तिथे चढावर बसलेल्यालाही काही तरी दिसतं. पावसाळा ओसरत आला की तिथे माणूस लाखाच्या हिशेबात गोळा होतं. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे गाव. गर्दी जमवणं त्याच्या अंगवळणी आहे. पण बाकीच्या गावांत मैदान म्हणजे ओढ्याकाठचं सपाट रान, मध्ये लाल मातीचा चौक आणि भोवती माणसांचं कडं. पाचव्या ओळीच्या मागे बसलेल्याला फेट्यांशिवाय काही दिसत नाही. त्याने पैसे मोजून एसटीने येऊन जे पाहिलं, ते खरं तर ऐकलेलं असतं.

आणि आम्ही तर मैदानातही नसायचो.

माझं माहेर विट्याच्या बाजूचं. बाईमाणसाने मैदानाला जायची रीत नव्हती. कुणी मनाई केली होती असंही नाही, प्रश्नच कुणी काढला नव्हता. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं उरकली की गडीमाणसं टोप्या सारख्या करून ओढ्याकडे निघायची आणि आम्ही माळवदावर चढायचो. शाळेजवळच्या लिंबाला एक कर्णा, मारुतीच्या देवळामागच्या पिंपळाला दुसरा. वारा आमच्याकडचा असला तर शब्दन् शब्द यायचा, उलटा फिरला की नुसती हलगी. आजी मधोमध पोतं अंथरून शेंगा फोडत बसायची. तिने आयुष्यात एक कुस्ती पाहिली नव्हती. पण ढाक कधी बसते, कलाजंगला किती ताकद लागते, पट काढताना डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं, हे तिला गल्लीतल्या कुठल्याही पोरापेक्षा जास्त कळायचं.

शेजारच्या आत्या जिन्यातूनच विचारायच्या, “कोण वर हाय गं आत्ता?”

“कासेगावकडचं पोरगं हाय वर. पर हात गुतलाय त्याचा. घिस्सा माराय जागाच न्हाई.” शेंगा फोडणं थांबायचं नाही. “बघ आता, खालचा उठतुय.”

आणि कर्ण्यावर खरोखर तेच यायचं: उठलेला आहे, कब्जा सुटलेला आहे, कुस्ती पुन्हा खडाखडीला आलेली आहे. आजीला हे डाव कुणी शिकवले? तालमीच्या उंबऱ्याला तिचा पाय कधी लागला नाही. तिला ते निवेदकाने शिकवले, वर्षातल्या एका दुपारी, झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून. एकेक डाव तो आधी नावाने सांगायचा, मग त्याचा हात कुठे, पाय कुठे, वजन कुणावर, असं फोडून सांगायचा. मैदानातल्यांना हे डोळ्यांसमोर दिसत असताना तो इतकं तपशिलात का बोलतोय, असं एखाद्याला वाटलं असेल. आम्हाला कधी वाटलं नाही. हा आमच्यासाठी बोलतोय, याबद्दल माळवदावर एकमत होतं.

आवाजावर जीव लावायची सवय तशी आमच्या भागाला रेडिओने आधीच लावली होती. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं. १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा आमच्या घरी रेडिओच्या पट्टीवर वडिलांनी शाईचा ठिपका देऊन ठेवला होता, तिथून काटा फारसा हलायचा नाही. हलायचा तो सामने असले की. बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीत आणलं आणि ज्यांनी बॅट हातात धरली नव्हती तेही पारावर बसून पायचीत आणि यष्टिचीत यांवर वाद घालू लागले. हॉकी तर आमच्या गावात कुणी खेळतच नव्हतं. तरी मार्च १९७५ मध्ये क्वालालंपूरला विश्वचषकाचा शेवटचा सामना होता, समोर पाकिस्तान, आणि जसदेव सिंगांचा हिंदी आवाज चढत चालला तसे आमचे वडील बसल्या जागी अस्वस्थ होऊन शेवटी रेडिओ उचलून अंगणातच घेऊन आले. ध्यानचंदांच्या मुलाने, अशोककुमारने गोल केला, आपण २-१ ने जिंकलो. वडिलांना हिंदी निम्मंशिम्मं कळायचं. हॉकीचे नियम तेवढेही नाहीत. पण जसदेव सिंगांचा श्वास कुठे अडकला नि कुठे सुटला, ते त्यांना कळत होतं. हे जसदेव सिंग स्वतःही आवाजामुळेच या वाटेला लागले. गांधीजींच्या अंत्ययात्रेचं मेलविल डिमेलोंनी केलेलं वर्णन रेडिओवर ऐकलं आणि आपणही हेच करायचं असं त्यांनी मनाशी धरलं. एका आवाजातून दुसरा जन्मतो. अण्णांच्या मागून आज प्रत्येक तालुक्यात दोन-चार निवेदक उभे आहेत ते असेच, आणि त्यांतले काही तर स्नेहसंमेलनातल्या नकलेपासूनच सुरू झालेले असणार.

पण हॉकीच्या समालोचकाला एक सोय आहे. चेंडू सारखा पळत असतो, त्याच्या मागे जिभेने पळायचं. मातीतली मोठी कुस्ती मात्र पुष्कळदा नुसती उभी असते. दोन पैलवान कपाळाला कपाळ लावून, एकमेकांच्या मानेवर हात टाकून पायाने माती चाचपताहेत. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कुणी पट काढत नाही, कुणी जागा देत नाही. पब्लिक शिट्ट्या मारायला लागतं. ‘सोडवा’ म्हणून ओरडा होतो. निवेदकाचा कस लागतो तो इथे.

अशा वेळी अण्णांसारखा निवेदक कुस्ती सोडून पैलवानाकडे वळतो. हा पोरगा अमुक गावचा. घरी कोरडवाहू रान, तेही वाटणीत आलेलं. तालीम अमुक, वस्ताद तमुक, त्यांचे वस्ताद कोण, त्यांनी खासबागेत कुणाला कुठल्या डावावर पाडलं. मागच्या साली औंधच्या मैदानात याचा गुडघा दुखावला होता, म्हणून डावा पाय मागे ठेवतोय, बघा. आणि बघता बघता त्या उभ्या कुस्तीत अर्थ यायला लागतो. डाव्या पायाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मघाशी शिट्टी मारणारा आता शेजाऱ्याला गप्प करतो. ओघात गोळेश्वरचे खाशाबा जाधव येऊन जातात, कवठेपिरानचे मारुती माने येतात, जकार्ताचं १९६२ चं सुवर्णपदक येतं, पुनवतचे गणपतराव आंदळकर येतात, आणि समोरच्या वीस वर्षांच्या पोराला नकळत त्यांच्या पंगतीत पाट मिळतो. एवढी वंशावळ पाठ असायला किती तालमी पायाखाली घातल्या पाहिजेत, किती वस्तादांजवळ मांडी घालून बसलं पाहिजे, याचा हिशेब आपण करत नाही.

शिवाय गप्प कधी बसायचं हेही कळावं लागतं. डाव बसला, खालच्याचा एक खांदा मातीला लागला, दुसरा अजून चार बोटं वर आहे. इथे चांगला निवेदक तोंड मिटतो आणि हलगीवाल्याकडे बोट करतो. हल्लीच्या काही नव्या मंडळींना नेमका इथेच शेर सुचतो. त्यांनी जुनी मैदानं पुन्हा ऐकावीत.

आता तो प्रसंग सांगते, कारण त्यावाचून हे सगळं लिहिण्यात मतलब नाही. माझा धाकटा भाऊ तालमीत जायचा. फार मोठा पैलवान होण्यातला नव्हता, अंगापिंडाने बरा होता एवढंच. रेवडीवरच्या कुस्त्यांतून तो जरा वर सरकला आणि एका सालच्या यात्रेला त्याची जोड लागली. संध्याकाळ व्हायला आली होती. कर्ण्यावरून नाव आलं. आधी त्याचं, मग वडिलांचं, मग गावाचं, मग त्याच्या वस्तादांचं. पुढे निवेदक म्हणाला की या घराण्यात याआधी तालमीत कुणी उतरलेलं नाही, हा पहिलाच आहे. आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली. ही माहिती मैदानापर्यंत कुणी पोचवली असेल ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा वस्तादांनीच चिठ्ठीवर लिहून दिली असावी. कुस्ती काही रंगली नाही. थोडी झटापट झाली, एकदा हा खाली गेला, एकदा तो, आणि पंचांनी बरोबरीत सोडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने गल्लीभर साखर वाटली.

“बरुबरीत सुटल्याली कुस्ती, म्हातारे,” चुलते म्हणाले, “साखर कशाची वाटतीस?”

“माझ्या घराचं नाव झाडावनं आलं,” आजी म्हणाली. “तुमचं आलं हुतं का कवा?”

निवेदकावर लोकांचा जीव का, याचं कारण माझ्यापुरतं एवढंच आहे. गोड गळा, पाठांतर, विनोद हे सगळं खरं; पण या भागात ज्या माणसांची नावं एरवी सातबाऱ्यावर, साखर कारखान्याच्या पावतीवर किंवा सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत येतात, त्यांची नावं वर्षातून एकदा मानाने, मोठ्याने, चार गावांना ऐकू जातील अशी घेणारा तो एकटा माणूस होता. जिंकणाऱ्याचं नाव सगळेच घेतात. तो पडलेल्याचंही घेई, त्याच्या वस्तादासकट. मैदानात कडेला जा, प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या बाजूचा असतो. दोन्ही बाजूंचा असलेला माणूस फक्त माईकवर.

खाशाबांचं मला यावरून नेहमी वाटतं. २३ जुलै १९५२, हेलसिंकी. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरून ते बाहेर आले आणि लगेच त्यांना रशियाच्या मल्लासमोर उभं केलं. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. तो सांगायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. कांस्यपदक मिळालं, कऱ्हाडहून गोळेश्वरापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळं आपण अभिमानाने सांगतो. पण त्या घटकेला माईकवर आपला एक माणूस असता तर? आमच्या मैदानात पंचाने अशी गडबड केली की निवेदक माईक न सोडता, आवाजही न चढवता म्हणतो, ‘पंचांनी जरा इकडे लक्ष द्यावं.’ हजारो डोळे पंचाकडे वळतात. तेवढ्याने काम होतं.

मॅटवर ही सोय नाही. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर महाराष्ट्र केसरी झाली; पृथ्वीराज पाटील आणि विशाल बनकर यांची अखेरची लढत आम्ही घरात टीव्हीवर पाहिली. पृथ्वीराज मागे पडून पुढे आला, कुस्ती झाली झकासच. पण मॅटवर माणूस लाल असतो किंवा निळा असतो. लालला दोन गुण, निळ्याला एक. शिट्टी, फलक, घड्याळ. ऑलिंपिकला जायचं तर हे लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त लाल कुठल्या गावचा, निळ्याचा वस्ताद कोण, हे कुणी तरी बोलत राहावं, एवढंच.

लोक आपली माया दाखवतात तीही आमच्या पद्धतीने. मैदान संपलं की मोठा घोळका विजयी मल्लाभोवती पडतो, त्याला खांद्यावर घेतात, गुलाल उधळतात. एक छोटा घोळका मात्र निवेदकाच्या व्यासपीठाच्या पायरीशी जमतो. त्यात म्हातारेच जास्त. कुणी हाताला हात लावतो, कुणी खिशातून घडी घातलेली शंभराची नोट काढून मुठीत कोंबतो. “अण्णा, नातवाचं नाव घेतलासा, बरं वाटलं.” एवढं बोलून म्हातारा एसटी गाठायला वळतो. आता तर मैदानांची मोबाईलवर चित्रफीत निघते आणि सुरतेला गलाईचं दुकान टाकून बसलेला आमच्याकडचा माणूस ती रात्री दुकान बंद करून लावतो. माझ्या दिराच्या टेम्पोत गाणी वाजत नाहीत, मैदानं वाजतात. डोळे रस्त्यावर, कान मातीत. म्हणजे पुन्हा रेडिओच झाला की.

तक्रार आहे ती वेगळीच. माझं सासर साताऱ्याकडचं, पुसेगावच्या अंगाला. सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं मैदान तिथे जवळ, बाकीच्या गावांचीही बरीच. अलीकडे त्यांतल्या एका गावात मी खुर्चीवर बसून सबंध मैदान पाहिलं. बायकांना आता वेगळी जागा करतात, गर्दीही बरी होती. तीन नंबरची कुस्ती चालू होती, काटाजोड, एकाने नुकताच कब्जा घेतला होता, आणि नेमका तेव्हा कुणी साहेब आले. निवेदकाच्या हातात चिठ्ठी दिली गेली. मग साहेबांचं स्वागत, साहेबांसोबत आलेल्यांचं स्वागत, त्यांना फेटा बांधणाऱ्यांचं स्वागत, आणि मागे त्या लाल मातीत दोन पोरं जिवाच्या कराराने झुंजताहेत आणि त्यांचं नाव घ्यायला कुणी नाही. निवेदकाचा चेहरा मी पाहत होते. एक डोळा चिठ्ठीवर, एक मातीवर. कुस्ती चितपट झाली तेव्हा तो अकराव्या सत्कारमूर्तीपाशी होता. दोष त्याचा नव्हे. बिदागी कमिटी देते, चिठ्ठीही कमिटीच देते.

मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. कुस्ती खेळणाऱ्या पोरी आता गावोगावच्या मैदानांतही उतरताहेत, त्यांच्या जोडी लागताहेत, त्यांची नावं कर्ण्यावरून येताहेत. आजी असती तर शेंगांचं पोतं तिने खालीच ठेवलं असतं.

तेव्हा यात्रा कमिट्यांना चार शब्द. सत्कार काय ते पहिली जोड लागायच्या आत उरका. फेटे संध्याकाळीही बांधता येतात. जुन्या मैदानांच्या ध्वनिफिती कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कॅसेटच्या खोक्यात पडल्या असतील त्या गोळा करा आणि सांगली केंद्राच्या किंवा एखाद्या विद्यापीठाच्या स्वाधीन करा, त्यांत या दोन जिल्ह्यांतल्या निम्म्या तालमींचा इतिहास आहे आणि तो दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही. आणि ठरलेल्या जोडांची यादी निवेदकाला ऐन वेळी न देता आदल्या दिवशी द्या. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव घालायचं असा नियमच झालाय. मग तुमच्या यादीतही पैलवानाच्या नावापुढे गाव, वस्ताद, बाप यांच्याबरोबर आईचं नाव लिहा. निवेदक ते वाचेल.